स्पॅनिश चित्रपटांतील स्त्री : एका अभ्यासाची ओळख



एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलीनें पदवी मिळाल्यावर वडिलांना सांगितलें कीं, मला पुढें स्पॅनिश चित्रपटांतील स्त्रीजीवनाचा अभ्यास करावयाचा आहे, तर त्या घरांत काय बोलणें होईल याची कल्पना आपण सर्वजण करूं शकतों. वडील चष्मा पुसूं लागतील. आई म्हणेल, "अगं, सिनेमा पाहायला विश्वविद्यालयांत कशाला जायला हवें?" घरांत एखादे वाचनाची आवड असलेले काका असले तर ते विचारतील कीं, स्पॅनिश शिकलीस हें ठीकच झालें, पण ज्या भाषेंत सर्व्हान्तेससारखा लेखक होऊन गेला, ती भाषा शिकून चित्रपटांच्या मागें लागण्याचें कारण काय? हे प्रश्न रास्त आहेत. मुलीच्या आयुष्याचीं दहा-वीस वर्षें ज्या कामांत जावयाचीं, त्या कामांत सत्त्व किती आहे हें वडीलधाऱ्यांनीं विचारलेंच पाहिजे. आजच्या भाषणांत त्या मुलीच्या बाजूनें उत्तर देण्याचा माझा विचार आहे.

हा विषय कोणा एका हौशी व्यक्तीच्या डोक्यांतून निघालेला नाहीं. गेल्या तीन-चार दशकांत युरोप-अमेरिकेंतील विश्वविद्यालयांत त्याला मानाचें स्थान मिळालें आहे. १९९३ सालीं मार्शा किंडर यांचा 'ब्लड सिनेमा' हा ग्रंथ निघाला. १९९९ सालीं सूझन मार्टिन-मार्केस यांनीं स्पॅनिश चित्रपट आणि स्त्रीवादी विचार यांवर ग्रंथ लिहिला. २००३ सालीं नुरिया त्रियाना-तोरिबिओ यांचें स्पेनच्या राष्ट्रीय चित्रपटाविषयींचें पुस्तक आलें. या विदुषींच्या भूमिका एकमेकींहून भिन्न आहेत. परंतु त्यांच्या कामाच्या मुळाशीं एक साधा प्रश्न आहे. पडद्यावर जी स्त्री दिसते, जो पुरुष दिसतो, त्यांनीं कसें असावें हें ठरवलें कोणीं?

उत्तर सोपें वाटतें: लेखकानें आणि दिग्दर्शकानें. स्पेनच्या बाबतींत तें पुरें पडत नाहीं, आणि म्हणूनच तो देश या अभ्यासाला विशेष उपयोगी पडतो.

प्रथम केवळ आवाजाची गोष्ट घेऊं. १९४१ सालीं स्पेनच्या सरकारनें हुकूम काढला कीं, परदेशी चित्रपट देशांत दाखवावयाचा तर तो स्पॅनिश भाषेंतच दाखवला पाहिजे. म्हणजे पडद्यावरची नटी अमेरिकन, तिचे ओठ हलतात ते इंग्रजी शब्दांवर, आणि ऐकूं येतो तो मात्र स्पेनमधील एखाद्या ध्वनिगृहांत बसलेल्या दुसऱ्याच बाईचा आवाज. ही सक्ति कांहीं वर्षांनीं उठली. पण तोंवर प्रेक्षकांच्या कानांना ती रीत सवयीची झाली होती, आणि ती तशीच चालूं राहिली. आतां ज्याच्या हातीं आवाज, त्याच्या हातीं अर्थही येतो. जॉन फोर्ड यांचा 'मोगॅम्बो' हा चित्रपट १९५३ सालचा. आफ्रिकेच्या रानांत नवऱ्याबरोबर आलेली एक स्त्री तेथील शिकाऱ्याच्या प्रेमांत पडते, अशी त्याची कथा आहे. ती स्त्री ग्रेस केली आणि शिकारी क्लार्क गेबल. विवाहित स्त्रीचें मन परपुरुषाकडे वळतें हें स्पेनच्या लोकांच्या कानांवर पडूं नये, म्हणून संवाद बदलून त्या नवराबायकोला भाऊ-बहीण करण्यांत आलें! व्यभिचार तर पुसला गेला; परंतु पडद्यावरील दृश्यें होतीं तींच राहिलीं, आणि पतिपत्नींमधील साधी सलगी आतां भावाबहिणींमधील सलगी होऊन बसली. लहान पाप झांकण्याच्या भरांत परीक्षकांनीं मोठें पाप प्रेक्षकांपुढें मांडलें.

आपण ही गोष्ट ऐकून हंसतों आणि विसरून जातों. अभ्यासिकेचें काम तेथून पुढें सुरू होतें. ती मूळ इंग्रजी संवाद आणि स्पॅनिश संवाद शेजारीं शेजारीं ठेवते. कोठें शब्द गळला, कोठें नातें बदललें, कोठें बंडखोर वाक्य मवाळ झालें, याची ती टिपणी करते. असे वीस-पंचवीस चित्रपट झाले म्हणजे तिच्या हातीं एक यादी येते. त्या काळच्या स्पेनमध्यें स्त्रीला काय बोलण्याची, काय इच्छिण्याची मनाई होती, हें त्या यादींत स्पष्ट दिसूं लागतें. कायद्याच्या पुस्तकांत इतक्या बारकाईनें तें कोठेंच लिहिलेलें नसतें.

या यादीचें मोल समजण्यासाठीं थोडा इतिहास आठवला पाहिजे. १९३१ सालीं स्पेनमध्यें प्रजासत्ताक राज्य आलें. त्या वर्षींच्या घटनेनें स्त्रियांना मताचा हक्क दिला; त्यासाठीं क्लारा काम्पोआमोर या वकील बाईंनीं प्रतिनिधि-सभेंत स्वपक्षाच्या सभासदांचाही रोष पत्करून झुंज दिली होती. १९३२ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला. १९३३ सालीं देशाच्या सार्वत्रिक निवडणुकींत स्त्रियांनीं प्रथमच मतें टाकलीं. पुढें १९३६ ते १९३९ यादवी युद्ध झालें, जनरल फ्रँको विजयी झाले, आणि २० नोव्हेंबर १९७५ रोजीं त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांचीच सत्ता चालली. घटस्फोटाचा कायदा गेला. विवाहित स्त्रीला नोकरी धरावयाची असो, करार करावयाचा असो, कीं बँकेंत स्वतःचें खातें उघडावयाचें असो, नवऱ्याची परवानगी लागूं लागली. ही अट मे १९७५ मध्यें रद्द झाली, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूच्या अवघ्या सहा महिने आधीं. तरुण अविवाहित मुलींना सहा महिन्यांची 'समाजसेवा' करावी लागे, आणि तिचा दाखला नसला तर सरकारी नोकरी किंवा परदेशप्रवासाचा परवाना मिळणें कठीण पडे. ज्या स्त्रीनें १९३३ सालीं मत दिलें होतें, तिच्याच मुलीला बँकेंत जातांना नवऱ्याच्या सहीचा कागद न्यावा लागला. हक्क एकदां मिळाले म्हणजे ते कायमचे मिळाले, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अशा राजवटीला चित्रपटाचें महत्त्व फार चांगलें कळलें होतें. याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे १९४२ सालचा 'रासा', म्हणजे 'वंश', हा चित्रपट. त्याची कथा खुद्द फ्रँको यांनीं हाइमे दे आंद्रादे या टोपणनांवानें लिहिली होती. एका नौदल अधिकाऱ्याच्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. मुलगे पराक्रम गाजवतात किंवा वाट चुकतात, आई धीरानें सोसते, वाग्दत्त वधू निष्ठेनें वाट पाहते. पुरुषानें काय करावें आणि स्त्रीनें काय करावें याचा तो एक धडाच होता. जानेवारी १९४३ पासून प्रत्येक चित्रगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधीं सरकारी वार्तापट दाखवण्याची सक्ति झाली. 'नो-दो' या नांवानें तो ओळखला जाई, आणि ही सक्ति फ्रँकोच्या काळाच्या अखेरपर्यंत टिकली.

याच्या जोडीला परीक्षक मंडळ होतें. चित्रपट काढण्यापूर्वीं पटकथा मंडळाकडे जाई, आणि चित्रपट तयार झाल्यावर तोही जाई. मौज अशी कीं, काय चालेल आणि काय चालणार नाहीं याचे छापील नियम १९६३ सालापर्यंत प्रसिद्धच झाले नव्हते. नियम माहीत नसला म्हणजे मनुष्य अंदाजानें वागतो, आणि भीतीच्या पोटीं केलेला अंदाज नेहमीं नियमापेक्षां कडक असतो. लेखक स्वतःच आपल्या पटकथेंतील वाक्यें खोडूं लागले. कात्री परीक्षकांच्या हातांतून लेखकांच्या मनांत गेली.

हें सारें कळतें कशावरून? माद्रिदपासून जवळच आल्काला दे एनारेस नांवाचें गांव आहे. सर्व्हान्तेसचा जन्म तेथलाच, हें ऐकून आपल्या काकांना समाधान वाटेल. त्या गांवीं सरकारी कारभाराचा मोठा दप्तरखाना आहे, आणि त्यांत या परीक्षणाचीं दप्तरें जपून ठेविलेलीं आहेत. आपली अभ्यासिका तेथें जाऊन बसते. एकेका चित्रपटाच्या दप्तरांत पटकथेची प्रत असते, परीक्षकांचे शेरे असतात, निर्मात्याचा अर्ज असतो, कापावयाच्या दृश्यांची यादी असते. हें काम सिनेमा पाहण्याइतकें करमणुकीचें नाहीं. पेशव्यांच्या दप्तरांत बसून मोडी कागद वाचणाऱ्या आपल्या इतिहास-संशोधकांच्या कामाशीं त्याचें नातें अधिक जवळचें आहे. पडद्यावर न आलेली गोष्ट कागदावर मात्र सांपडते, हाच त्या कष्टांचा मोबदला.

कात्रीचा परिणाम कधीं कधीं उलटाही होतो. लुइस बुन्युएल हे स्पेनचे जगद्विख्यात दिग्दर्शक अनेक वर्षें परदेशांत राहिले होते. १९६१ सालीं त्यांनीं मायदेशीं येऊन 'विरिदियाना' हा चित्रपट केला. मठांत संन्यासदीक्षा घेण्याच्या बेतांत असलेली एक तरुणी संसारांत ओढली जाते, अशी त्याची कथा. अखेरीस ती आपल्या चुलतभावाच्या खोलीचें दार ठोठावते, आंत जाते आणि दार लागतें, असा मूळ शेवट होता. परीक्षकांनीं तो नाकारला. बुन्युएल यांनीं शेवट बदलला. नव्या शेवटांत ती खोलींत येते तेव्हां घरांतील दुसरी एक स्त्री तेथें आधींच बसलेली असते, आणि तिघें मिळून पत्ते खेळूं लागतात. दार उघडें, माणसें तीन, खेळ पत्त्यांचा. परीक्षकांना हरकत घेण्यासारखें कांहींच दिसलें नाहीं. ज्यांना अर्थ समजावयाचा त्यांना तो समजला, आणि तो पहिल्यापेक्षां अधिक बोचरा होता. कान येथील महोत्सवांत चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालें. तें स्वीकारण्यासाठीं सरकारचे चित्रपट-खात्याचे प्रमुख स्वतः व्यासपीठावर गेले. पुढें व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानें चित्रपटाचा निषेध करतांच त्या गृहस्थांची जागा गेली, आणि स्पेनच्या जनतेला आपल्याच देशांत तयार झालेला हा चित्रपट १९७७ सालापर्यंत पाहावयास मिळाला नाहीं.

येथवर आपण पडद्यावरील स्त्रीविषयीं बोललों. पडद्यामागें कोणी स्त्री होती कीं नाहीं? पुष्कळ दिवसपर्यंत चित्रपटाच्या इतिहासांतून या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ नकारार्थीच मिळे. अभ्यासिकांनीं जुनीं दप्तरें आणि फिती धुंडाळल्यावर तें बदललें. रोसारिओ पी यांनीं यादवी युद्धापूर्वींच, १९३५ सालीं, 'एल गातो मोंतेस' हा बोलपट दिग्दर्शित केला होता. स्पेनमध्यें बोलपट दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आना मारिस्काल यांची कहाणी याहून विचार करावयास लावणारी आहे. मघां 'रासा'मधील निष्ठावंत वाग्दत्त वधूचा उल्लेख केला. ती भूमिका याच आना मारिस्काल यांनीं केली होती. राजवटीला हवी तशी स्त्री पडद्यावर उभी करणारी ही नटी दहा वर्षांनीं कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. स्वतःची निर्मितिसंस्था काढून तिनें १९५३ सालीं 'सेगुंदो लोपेस' हा चित्रपट दिग्दर्शित केला. गांवाकडला एक भोळा इसम थोडे पैसे घेऊन माद्रिदला येतो, आणि रस्त्यावरच्या एका पोरक्या मुलाच्या सोबतीनें शहर पाहतो. वीर नाहींत, घोषणा नाहींत. गरीब वस्त्या, खानावळी आणि उपासमार आहे. १९६४ सालीं मिगेल देलिबेस यांच्या कादंबरीवरून तिनें 'एल कामिनो', म्हणजे 'वाट', हा चित्रपट केला. आपलें खेडें सोडून शिक्षणासाठीं शहरांत जाण्याची पाळी आलेल्या मुलाची ती गोष्ट. त्या वेळीं या चित्रपटाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २०२१ सालीं, म्हणजे सत्तावन्न वर्षांनीं, त्याची दुरुस्त केलेली प्रत कान येथील महोत्सवाच्या जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागांत दाखवण्यांत आली. तोंवर दिग्दर्शिका हयात नव्हती. १९९५ सालींच ती निवर्तली होती.

या बाईंना राजवटीच्या म्हणावें, कीं राजवटीच्या चौकटींत राहून आपली वाट काढणाऱ्या म्हणावें? असे प्रश्न उपस्थित होतात तेव्हां अभ्यासिकेची खरी परीक्षा असते. मृत माणसाला आपल्या मतांचा झगा घालणें सोपें असतें. कामांत जें आहे तेवढेंच पाहावें, आणि उरलेलें मोकळें सोडावें, ही शिस्त ज्याला साधली त्यानेंच या वाटेला जावें.

फ्रँकोच्या अखेरच्या वर्षांत कांहीं दिग्दर्शकांनीं उघड न बोलतां बोलण्याची कला साधली. १९७३ सालीं व्हिक्टर एरिसे यांनीं 'मधाच्या पोळ्याचा आत्मा' हा चित्रपट केला. काळ १९४० च्या सुमाराचा, स्थळ कास्तियचें एक ओसाड खेडें. ट्रकमधून फिरता सिनेमा येतो आणि गांवांतील मुलें 'फ्रँकेन्स्टाइन' पाहतात. आना नांवाची सहा वर्षांची मुलगी विचारते कीं, त्या राक्षसानें मुलीला कां मारलें, आणि लोकांनीं त्याला कां मारलें? घरीं वडील मधमाश्यांत गढलेले, आई कोणाला तरी पत्रें लिहीत बसलेली. घरांत भांडण नाहीं, पण बोलणेंही नाहीं. युद्धाचा एक शब्द न उच्चारतां युद्ध हरलेल्या देशाची शांतता त्या घरांत भरून राहिली आहे. परीक्षकांना कापण्यासारखें वाक्यच सांपडलें नाहीं, कारण जें सांगावयाचें तें वाक्यांत नव्हतेंच.

त्याच्या आधींच्या वर्षीं, १९७२ सालीं, हाइमे दे आर्मिन्यान यांचा एक विलक्षण चित्रपट निघाला होता. 'मी केरिदा सेन्योरिता' हें त्याचें नांव, म्हणजे 'प्रिय कुमारी'. आदेला नांवाची एक प्रौढ, धर्मशील, अविवाहित बाई लहानशा गांवांत राहते. तिला दाढी करावी लागते, याची तिला मनोमन लाज वाटते. शेवटीं डॉक्टर सांगतात कीं, आपण स्त्री नसून पुरुष आहां. आदेला हुआन होऊन माद्रिदला जाते. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांनीं स्त्रीभूमिका अजरामर केल्या, त्या रंगभूमीच्या रसिकांना पुरुष नटानें स्त्री रंगवण्याचें नवल वाटणार नाहीं. होसे लुइस लोपेस वास्केस या विनोदी नटानें ही भूमिका कोठेंही हंसूं न आणतां केली आहे. पण खरें मर्म पुढेंच आहे. हुआनजवळ पुरुषाचे ओळखपत्र नाहीं, शिक्षण नाहीं. शिवणकामाखेरीज त्याला कांहीं येत नाहीं, कारण त्याला मुलगी म्हणून वाढवलेलें होतें. शरीर पुरुषाचें असून तो जगांत पांगळा ठरतो. स्त्री दुबळी असते ती निसर्गानें कीं संगोपनानें, या जुन्या वादाला इतकें नेमकें उदाहरण क्वचित् मिळेल. हा चित्रपट ऑस्कर पारितोषिकाच्या अखेरच्या यादींतही गेला होता.

नोव्हेंबर १९७७ मध्यें चित्रपटांचें परीक्षण कायद्यानें बंद झालें. व्यभिचार हा गुन्हा १९७८ सालीं कायद्यांतून गेला, आणि १९८१ सालीं घटस्फोट पुन्हां मिळाला. परंतु कायदा बदलला म्हणजे सवयी एका रात्रींत बदलत नाहींत. पिलार मिरो या दिग्दर्शिकेनें १९७९ सालीं 'कुएन्काचा गुन्हा' हा चित्रपट केला. न घडलेल्या खुनाबद्दल दोन निरपराध खेडुतांचे पोलिसांनीं केलेले हाल त्यांत आहेत, आणि ती घटना विसाव्या शतकाच्या आरंभीं खरोखरीच घडलेली होती. परीक्षण बंद झालें असूनही चित्रपट अडकवण्यांत आला, आणि बाईंवर लष्करी न्यायालयांत खटला चालवण्याची तयारी झाली. लोकांना तो १९८१ सालीं पाहावयास मिळाला. पुढल्याच वर्षीं हीच बाई सरकारच्या चित्रपट-खात्याची प्रमुख झाली, आणि चित्रपटांना आगाऊ अर्थसाहाय्य देण्याची तिनें आंखलेली योजना तिच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली.

१९८१ सालचाच दुसरा चित्रपट होसेफिना मोलिना यांचा 'रात्रीचा प्रयोग'. लोला एरेरा ही नटी त्या वेळीं रंगभूमीवर एका विधवेची भूमिका करीत होती. ती विधवा नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून आयुष्यभर न बोललेलें बोलते. चित्रपटांत ही नटी रंगपटांत आपल्या स्वतःच्या, विभक्त झालेल्या नवऱ्याशीं बोलते. तोही नटच. संवाद लिहिलेले नव्हते. लग्नांत आपल्याला काय शिकवलें गेलें, कशाची लाज वाटावयास लावली, कोणतें समाधान आपण आयुष्यभर खोटें दाखवलें, हें ती बोलते. आणि त्याच शिकवणुकीनें आपलीही कशी कोंडी केली, हें नवरा सांगतो. चाळीस वर्षें दुसऱ्यांनीं आवाज दिलेल्या स्त्रीचा स्वतःचा आवाज येथें ऐकूं येतो, असें कोणीं म्हटलें तर तें फार चूक होणार नाहीं.

यानंतरचीं नांवें आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचीं असतील. पेद्रो आल्मोदोवार यांच्या चित्रपटांनीं स्पेनची स्त्री जगभर नेली. १९९९ सालच्या त्यांच्या 'माझ्या आईविषयीं सर्व कांहीं' या चित्रपटाला ऑस्कर मिळालें. इसिआर बोयाइन यांनीं २००३ सालीं 'ते दोय मिस ओखोस', म्हणजे 'माझे डोळे तुला देतें', हा चित्रपट केला. तोलेदो शहरांतील एक स्त्री रात्रीं मुलाला घेऊन, पायांत सपाता घालूनच, मारकुट्या नवऱ्याच्या घरांतून पळते, तेथून तो सुरू होतो. दिग्दर्शिकेनें नवऱ्याला केवळ राक्षस करून सोडून दिलेलें नाहीं. तो मारतो कां, हेंही ती पाहते. पुढल्या वर्षीं डिसेंबर २००४ मध्यें स्पेनच्या संसदेनें स्त्रियांवरील घरगुती अत्याचारांविरुद्ध सर्वंकष कायदा केला. चित्रपटामुळें कायदा झाला असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण एकाच समाजाच्या मनांत तीच गोष्ट घोळत होती, हें मात्र दोन्हींवरून दिसतें.

आतां या अभ्यासावरील एका आक्षेपाचा विचार करूं. चित्रपट कसाही असो, पाहणाऱ्यांनीं त्यांतून काय घेतलें हें या विदुषींना कसें कळणार? आक्षेप खरा आहे. १९७५ सालीं लॉरा मल्व्ही या इंग्रज लेखिकेनें एक निबंध लिहून दाखवून दिलें कीं, कॅमेरा पुष्कळदां पुरुषाच्या नजरेनें पाहतो, आणि स्त्री ही पाहण्याची वस्तु होऊन राहते. तो विचार फार फलदायी ठरला. पण तेवढ्यावर भागत नाहीं हें अनुभवानें दिसून आलें. जो लबान्यी या विदुषीच्या नेतृत्वाखालीं १९४० व १९५० च्या दशकांत चित्रपट पाहिलेल्या स्पेनच्या स्त्रीपुरुषांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. त्या दुष्काळाच्या दिवसांत चित्रगृह म्हणजे दोन घटका ऊब होती, बाहेरच्या जगाची खिडकी होती, तरुण जोडप्यांना जवळ बसावयास मिळणारा अंधार होता. सरकारनें धडा दिला म्हणून प्रेक्षकांनीं तो गिरवलाच असें नाहीं. त्या काळच्या लोकप्रिय गीतपटांतील आंदालुसियाच्या फटकळ, हजरजबाबी नायिकांना पाहून मुलींनीं धिटाईही घेतली असेल. म्हणून शहाणी अभ्यासिका पडदा, दप्तर आणि प्रेक्षकाची आठवण, अशा तिन्ही बाजू तपासते, आणि तिन्हींचा मेळ बसला तरच निष्कर्ष काढते. यांतील तिसरी बाजू दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. १९४५ सालीं पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढें गेली आहे. तिला विचारावयाचें तें आज विचारलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ओळख ही केवळ स्त्री-पुरुष एवढीच नसते; ती भाषेचीही असते. फ्रँकोच्या राजवटीनें कातालान आणि बास्क या भाषांना सार्वजनिक जीवनांतून मागें लोटलें होतें. २०२२ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत 'आल्कार्रास' या चित्रपटाला सुवर्ण-अस्वल हें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तो कातालान भाषेंत आहे. हा मान मिळवणारा त्या भाषेंतील तो पहिलाच चित्रपट. दिग्दर्शिका कार्ला सिमोन. पीचच्या बागा कसणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाच्या पायाखालची जमीन जाते, आणि त्या भागांतील साध्या लोकांनींच, आपल्याच बोलींत, त्यांत भूमिका केल्या आहेत. दुसऱ्याचा आवाज बसवण्याची सक्ति ज्या देशांत होती, तेथें आजी, सून आणि नात आपल्या गांवच्या बोलींत बोलतात. १९४१ चा हुकूम ज्याला माहीत नाहीं, त्याला हा एक चांगला कौटुंबिक चित्रपट वाटेल. ज्याला माहीत आहे, त्याला त्या साध्या बोलण्याची किंमत कळेल.

आतां आपण आरंभींच्या घराकडे परत जाऊं. त्या मुलीला काय काय करावें लागेल? एक परकी भाषा इतकी शिकावी लागेल कीं, संवादांतील एक शब्द बदललेला तिच्या कानाला खटकेल. परदेशाचा इतिहास आणि कायदा वाचावा लागेल. दप्तरखान्यांत महिनेच्या महिने बसून, दहा कागदांमागें एखादाच कामाचा निघाला तरी चिकाटी सोडतां येणार नाहीं. म्हाताऱ्या माणसांपुढें बसून, त्यांना न दुखवतां, जुन्या गोष्टी विचाराव्या लागतील. नंतर प्रबंध, अध्यापन, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणें, हें सारें आहेच. पैसा बेताचा, कीर्ति त्याहून बेताची. आईनें विचारलें होतें कीं, सिनेमा पाहायला विश्वविद्यालय कशाला? सिनेमा पाहायला नकोच. पण जो सिनेमा दाखवला गेला नाहीं, जें वाक्य बोलूं दिलें नाहीं, ज्या दिग्दर्शिकेचें नांव इतिहासांत घातलें नाहीं, तें शोधावयाला मात्र शिस्त लागते, आणि ती विश्वविद्यालयांत मिळते.

काकांच्या प्रश्नालाही उत्तर देतां येतें. सर्व्हान्तेस वाचावाच. पण १९४० नंतरच्या स्पेनमध्यें ज्या स्त्रीला पुस्तकें परवडत नव्हतीं, जिला कदाचित् धड वाचतांही येत नव्हतें, ती आठवड्यांतून एकदां चित्रगृहांत जाऊन बसे. आपण कोण आहों, आपण कसें असावें, हें तिनें तेथें पाहिलें; त्यांतलें कांहीं मानलें, कांहीं मनांतल्या मनांत नाकारलें. तिनें स्वतः कांहीं लिहून ठेवलेलें नाहीं. तिच्यापर्यंत पोहोंचण्याची जी एक वाट उरली आहे, ती त्या चित्रगृहाच्या दारांतून जाते. वडिलांनीं चष्मा पुसून झाल्यावर मुलीला एवढेंच विचारावें कीं, "इतका दम आहे का तुझ्याजवळ?" तिनें होय म्हटलें, तर तिला जाऊं द्यावें.